यजमानांची उदासी मला लागली का?

प्रश्न : निवृत्तीनंतर यजमान रात्री एकपर्यंत टीव्ही पाहतात, रोज दारू घेतात, फिरणं सोडलंय. महिन्याभरापासून मलाही झोप नाही, कशात मन लागत नाही. त्यांचं नैराश्य मला लागलं का?

उत्तर : ताई, नैराश्य संसर्गाने पसरत नाही. पण जोडीदारांपैकी एकाला ते असेल, तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता वाढते. झोप, जेवण, येणंजाणं सामाईक असतं. ते बिघडलं की झळ दोघांना बसते. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि मन आणखी खचतं. मात्र रोज पिणाऱ्याने ती एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.

सुरुवात तुमच्यापासून करा. ते येवोत न येवोत, तुम्ही सकाळच्या उन्हात अर्धा तास चाला, उठण्याची वेळ ठरवून घ्या. त्यांना उपदेश नको. ‘भाजी आणायला सोबत चला’ एवढंच म्हणा. नैराश्यात हुरूप आधी येत नाही, काही करू लागल्यावर हळूहळू येतो.

तुमचा त्रास दोन आठवड्यांहून जुना आहे, म्हणून दोघंही मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत, मराठीतूनही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा.