धुराचा कल आणि दीर्घिकांची टक्कर



मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर हिमायतनगर हे स्टेशन आहे. या मार्गावर पूर्वी कोळशाची इंजिने धावत. अशा एका इंजिनाचे छायाचित्र तुमच्यासमोर आहे असे समजा. धूर मागे कललेला दिसतो. मग गाडी धावत होती की उभी होती? चटकन 'धावत होती' असे म्हणू नका! गाडी उभी असून समोरून वारा सुटला असेल, तरी धूर तसाच कलेल. नेमका हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञांपुढेही येतो.

काही दीर्घिकांच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराजवळून द्रव्याचे दोन झोत विरुद्ध दिशांना बाहेर फेकले जातात. झोतांतील इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. अशा दीर्घिकेला रेडिओ दीर्घिका म्हणतात. हे झोत म्हणजे आपला धूर!

आता वारा कोणता? दीर्घिका बहुधा गटाने किंवा समूहाने असतात. त्यांच्यामधील जागेत अतिविरळ, पण कोट्यवधी अंश तापमानाचा वायू असतो. तो क्ष-किरण सोडतो. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहात एनजीसी १२६५ ही दीर्घिका या वायूतून सेकंदाला २,००० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. म्हणून तिचे दोन्ही झोत शेपटीसारखे मागे वळले आहेत. ही झाली धावती गाडी.

पण काही समूहांच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या दीर्घिकेचेही झोत वाकलेले आढळतात. वर्णपटावरून तिचा वेग मोजला, तर तो समूहाच्या सरासरी वेगाएवढाच भरतो. म्हणजे ही गाडी जवळजवळ उभीच आहे. वाहतो आहे तो वायू! त्याला कोणी ढवळले? गुरुत्वाकर्षणाने जवळ आलेल्या दुसऱ्या गटाने. दोन गट एकमेकांत शिरताना दीर्घिका सहसा एकमेकींना चुकवून जातात, पण वायू वायूवर आदळतो आणि डोक्यावरच्या घागरीतील पाण्यासारखा हिंदकळतो. मात्र वर्णपटावरून आपल्या दृष्टिरेषेतीलच वेग कळतो, आडवा नाही. म्हणून क्ष-किरणांचा नकाशाही शेजारी ठेवून ताळा पाहावा लागतो.

झोतांतील इलेक्ट्रॉन जुने झाले की ऊर्जा गमावतात. मग ते फक्त लांब तरंगलांबीवर दिसतात. हे काम पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उत्तम करते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिने १८ दीर्घिकागट पाहिले गेले.

करून पाहा : पेटलेली उदबत्ती हातात घेऊन चाला. नंतर ती पंख्यासमोर स्थिर धरा. दोन्ही वेळा फक्त धूर पाहून मित्राला फरक सांगता येतो का? नसेल, तर आणखी कोणती माहिती हवी, याची यादी करा.