काठावरच्या माणसाला तलाव किती कळतो

ठाण्यात एके काळी साठाहून अधिक तलाव होते असं सांगतात; आता पस्तिसेक उरलेत. माझं घर मासुंदा तलावाजवळ, पेशा हिशेबनिसाचा. या वयात तलावशास्त्राचा नाद लागला आणि तलावपाळीवरच्या फेऱ्यांची मजा थोडी वाढली, थोडी बिघडली.

१. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ती आपल्या पावासाठी नव्हे. दिवसा शैवाल उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शैवाल, मासे आणि तळातले जिवाणू मिळून तो संपवतात. सूर्योदयाच्या तोंडावर शिल्लक सर्वांत कमी. त्यात ३० अंशांच्या पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळून विरघळणार किती, तर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम. सलग मळभ आलं की खातं रिकामं. मग सकाळी मेलेले मासे काठाला, आणि टपरीवर ‘कुणीतरी विष टाकलं’ ही चर्चा. मीही त्या चर्चेत हिरिरीने भाग घेत असे.

२. पाणी हिरवंगार दिसलं की मन प्रसन्न होतं, ते होऊ देऊ नये. तो बहुतेकदा सांडपाण्याचा प्रताप असतो. निर्माल्य, साबणाचं पाणी, पावसात रस्त्यावरून वाहून आलेली घाण यांतलं नत्र आणि फॉस्फरस शैवालाला पोसतात. तलावात जमा आहे, खर्च नाही. फॉस्फरस गाळात बसतो आणि तळाचा प्राणवायू संपला की गाळातून पुन्हा वर येतो. सांडपाणी आज तोडलं तरी जुनी थकबाकी वर्षानुवर्षं निघत राहते. हिशेबनीस म्हणून मला याचं वाईट कमी आणि कौतुक जास्त वाटलं.

३. तलावाची खरी वस्ती काठाला असते, आणि आपण नेमका तोच बांधून काढला. उथळ, उतरत्या काठावर ऊन तळापर्यंत पोचतं, तिथं पाणवनस्पती मुळं धरतात. चतुराची अळी पाण्यातून एखाद्या दांड्यावर चढते, पाठ उलते आणि ओले पंख घेऊन बाहेर पडते. बेडूक अंडी घालतो. वंचक बगळा तासन्‌तास मातकट होऊन उभा राहतो आणि उडाला की एकदम पांढरा. उभ्या दगडी भिंतीवर यांतलं काय होणार? सुशोभीकरण म्हणजे पाण्याला कठडा, दिवे आणि कारंजं. कारंज्याने निदान थोडी हवा तरी मिसळते. आता खरं सांगायचं, तर माझ्या गुडघ्यांना तो फरसबंद रस्ताच आवडतो. काठ उतरता ठेवा, चिखल राहू द्या, असं म्हणणाऱ्यांत मी आहे. त्या चिखलातून चालणाऱ्यांत नाही.

४. एका थेंबात एवढी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं : पाणपिसूचं अंग काचेचं, आत हृदय धडधडताना दिसतं, पाठीत अंडी. शेजारी रोटिफर, तोंडाशी केसांची भोवरी फिरवत शैवाल ओढणारा. “यातला ब्रॅकिओनस फार झाला की समज, पाण्यात घाण वाढलीय,” ती म्हणाली. मी डोळा लावून बसलो, तर मागे विद्यार्थ्यांची रांग लागली.

५. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेला गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. जलपर्णीही तिथलीच. उन्हाळ्यात ती मोहन्याजवळ उल्हास नदीवर पसरते तेव्हा कल्याणकरांना तिची आठवण होते. यंत्राने उपसतात, पण सांडपाणी चालूच राहतं आणि तीही परत येते.

६. विसर्जनाबद्दल मी फार ठाम होतो : प्लास्टर वाईट, शाडू चांगला. शाडू विरतो हे खरंच, पण विरून जातो कुठे? तळाशी. हजारो मूर्तींची माती छोट्या तलावात म्हणजे गाळच. कृत्रिम तलावांची सोय त्यामुळे मला पटली. आमच्याकडे आता बादलीत विसर्जन होतं आणि माती कुंड्यांत जाते. बहीण कल्याणहून फोनवर म्हणाली, “काळ्या तलावासारखी मजा नाही रे.” नाहीच. शिवाय बादली कोणी घासायची, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.