लकव्यानंतर लोंबणारे पाऊल आणि करंटचे मशीन

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरी गेले होते. घरातल्या दादांना लकवा होऊन सहा महिने झाले होते. काठी घेऊन ते चालत होते, पण उजव्या पायाचा चवडा फरशीला घासत होता. उंबरठ्याला अडकून दोनदा पडलेही होते. वहिनींनी कानातले मोडायला काढून ठेवले होते. कुणीतरी सांगितले होते, "करंटचे मशीन घ्या, पाय पहिल्यासारखा होईल." त्या मला विचारत होत्या, "ताई, घेऊ का?"

हा प्रश्न अनेक घरांत आहे. म्हणून आज तो नीट समजून घेऊ.

पाऊल का लोंबते?

पाऊल उचलायचे असेल तर मेंदूतून हुकूम निघतो. तो पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि तिथून पायाच्या नसेने नडगीच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. लकव्यात मेंदूचा काही भाग दुखावतो. पायाची नस आणि स्नायू मात्र जिवंत असतात. घरातली वायर चांगली, बल्बही चांगला, पण खांबावरून वीजच येत नाही, तसा हा प्रकार. चवडा खाली लोंबतो आणि माणूस पाय बाजूने फिरवत टाकतो.

मशीन काय करते?

गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथूनच पाऊल उचलणारी नस जाते. तिच्यावर एक चिकटपट्टी आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला दुसरी चिकटपट्टी लावतात. टाचेखाली बटण असते. टाच उचलली की करंट सुरू होतो आणि चवडा वर येतो. टाच टेकली की करंट थांबतो. टाचेचे बटण वापरून चालताना करंट देण्याची ही पद्धत अमेरिकेत डॉ. लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडली. आज तिला एफईएस म्हणतात. ब्रिटनमधल्या 'नाइस' या आरोग्य संस्थेनेही २००९ साली मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आजाराने लोंबणाऱ्या पावलासाठी ती मान्य केली.

इथे एक फरक लक्षात ठेवा. खाटेवर झोपवून दुखऱ्या जागी पंधरा-वीस मिनिटे करंट देतात, तो बहुधा दुखणे कमी करण्यासाठी असतो. त्याने पाऊल उचलायला शिकत नाही. चालण्यासाठीचा करंट पावलागणिक सुरू-बंद व्हावा लागतो. जाहिरातीतले पायाला थरथर देणारे मसाज मशीन तर यातले काहीच करत नाही.

कोणाला उपयोग नाही?

नसच तुटली किंवा मेली असेल तर हे मशीन चालत नाही. पोलिओ, नसेला लागलेला मार किंवा कुष्ठरोगामुळे पाऊल लोंबते, तेव्हा वायरच खराब झालेली असते. पाऊल लोंबते आणि अंगावर बधिर चट्टा आहे, असे दिसले तर मशीन शोधू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते आणि वेळेत उपचार झाले तर नस वाचू शकते.

छातीत पेसमेकर असेल, फिट्स येत असतील, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावू नये. जखमेवर तर लावूच नये. कातडी बधिर असेल तर भाजले तरी कळत नाही, म्हणून तिथेही जपून.

मग घ्यायचे की नाही?

मशीन पाय बरा करत नाही. लावलेले असते तोवर ते पाऊल उचलते. काहींना काढल्यावरही थोडा फरक राहतो, पण त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. "पहिल्यासारखा करून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

दुसरा उपाय आहे प्लास्टिकच्या साध्या ब्रेसचा. पोटरीमागून तळव्याखाली येणारा हा पट्टा बुटात घालतात, म्हणजे चवडा खाली पडत नाही. अमेरिकेत लकवा झालेल्या ४९५ जणांवर अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मशीन दिले, निम्म्यांना ब्रेस. सहा महिन्यांनी चालण्याच्या वेगात मशीनवाले ब्रेसवाल्यांच्या पुढे गेलेले नव्हते. काहींना मशीन हलके आणि सोयीचे वाटते, हे खरे. पण त्यासाठी घर गहाण टाकायची गरज नाही.

म्हणून पैसे देण्याआधी हे करा :

१. फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. करंट दिल्यावर चवडा खरोखर वर येतो का, हे तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा.

२. मशीन लावून आणि काढून चालवून बघा. फरक दिसला नाही तर घेऊ नका.

३. आधी ब्रेस वापरून पाहा. मुंबईत हाजी अली इथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे असे ब्रेस बनवतात. इतरांनी जिल्हा रुग्णालयात विचारावे. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून साधने मिळायला ते कामी येते.

४. रोज चाला. उभे राहणे, बसून उठणे, आधाराने पावले टाकणे, हाच खरा उपचार. मशीन असो वा ब्रेस, सराव सुटला तर दोन्ही कोपऱ्यात पडतात.

आणि पुन्हा कधी तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश करत बसू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

त्या दादांनी ब्रेस घेतला. रोज संध्याकाळी ते वहिनींसोबत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पाय पहिल्यासारखा झालेला नाही. पण उंबरठ्याला अडकून त्यानंतर ते पडलेले नाहीत, आणि वहिनींचे कानातले कानातच आहे.