एक पत्ता, दोन यंत्रे

एकाच गल्लीतील दोन घरांना एकच क्रमांक दिला, तर पोस्टमनने टपाल कोठे टाकावे? संगणकांच्या जाळ्यातही असा घोटाळा होतो. एकच आयपी पत्ता दोन यंत्रांना मिळाला, की छपाईसाठी पाठविलेला मजकूर कधी प्रिंटरकडे जातो, तर कधी भलत्याच संगणकाकडे!

१९८१ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. त्याचे आठ-आठ बिटांचे चार गट करून प्रत्येक गट ० ते २५५ यांपैकी एका संख्येने दाखवितात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. याखेरीज जाळ्यातील प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. माहिती पाठविणारे यंत्र आधी पुकारा करते, "हा आयपी पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल ते यंत्र आपला मॅक पत्ता कळविते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीस 'एआरपी' म्हणतात. एका पुकाऱ्याला दोघांनी 'ओ' दिली, की घोटाळा झालाच.

समजा, शाळेतील नव्या प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा आहे. जाळ्यातील राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनांच्या यादीत, शोध घेऊन मोकळा पत्ता निवडावयाचा. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : शोध घेताना संगणक अक्षरे जुळवितो, संख्या नव्हे. १९२.१६८.१.५ शोधलात, तर १९२.१६८.१.५० ची ओळही पुढे येते. म्हणून पत्ता शेवटपर्यंत जुळतो का, ते पाहावे.

दुसरी : मागेल त्या यंत्राला पत्ता वाटण्याचे कामही बहुधा राउटरच करतो. या सोयीला 'डीएचसीपी' म्हणतात. त्यासाठी यादीत फक्त दोन टोके लिहिलेली असतात. समजा, ती १९२.१६८.१.१०० आणि १९२.१६८.१.१९९ आहेत. आता १९२.१६८.१.१५० शोधा. सापडणार नाही! पण १५० ही संख्या १०० व १९९ यांच्यामध्ये आहे. आज मोकळा असलेला हा पत्ता उद्या एखाद्या मोबाइलला मिळेल. येथे नुसता शोध पुरत नाही. तुलना करावी लागते.

तिसरी : एखाद्या यंत्रात कोणी हाताने पत्ता घातला असेल, तर राउटरच्या यादीत त्याची नोंदच नसते. म्हणून पुकारा करून जाळ्यालाही विचारावे. तरीसुद्धा बंद असलेले यंत्र उत्तर देणार नाही. यासाठी हाताने दिलेला प्रत्येक पत्ता वहीत लिहून ठेवण्याची सवय चांगली.

थोडक्यात, 'सापडला नाही' म्हणजे 'मोकळा आहे' असे नव्हे.

करून पाहा : वरील दोन टोके धरून राउटरजवळ वाटण्यासाठी एकूण किती पत्ते आहेत? ९९ की १००? उत्तर कारणासह वहीत लिहा.