माहूरला पायदळ निघण्याआधी

घटस्थापना 2023 साली 15 ऑक्टोबरला आली, 2024 साली 3 ऑक्टोबरला आणि 2025 साली 22 सप्टेंबरला. तिथी अशी तीन आठवडे मागेपुढे होते. शेतकरी पाऊस मोजतो तो मात्र सूर्यनक्षत्रांवर: 13 सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा, 27 च्या सुमारास हस्त, 10 ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा. त्यामुळे यवतमाळहून आर्णी, धनोडा करत रेणुकामायच्या दर्शनाला पायदळ जाणाऱ्याला एखाद्या वर्षी चित्रेचे चटके बसतात, तर एखाद्या वर्षी उत्तरेची झड अंगावर घ्यावी लागते. वाट तीच असते, पण तयारी दरवर्षी नव्याने करावी लागते. या वाटेवर बरीच वर्षे चालल्यावर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

एका वर्षी आर्णीच्या पुढे आमच्या मंडळींनी डांबरी रस्ता सोडून शेतांमधली जवळची वाट धरली. डोक्यावर आभाळ निरभ्र होते. नाल्यापाशी आलो तर रपट्यावरून गुडघाभर गढूळ पाणी चाललेले. वर कुठेतरी दुपारी पाऊस पडून गेला होता. तरुण पोरे हातात हात धरून उतरायच्या बेतात असताना शेतातून परतणाऱ्या एका आजोबांनी हाक दिली, "थांबा जी, पाण्याशी खेळू नका. उतरते ते." आम्ही थांबलो. थोड्या वेळाने त्याच पाण्यातून बाभळीचे अख्खे झाड वाहत गेले. पाणी उतरल्यावर दिसले, की रपट्याचा मधला भाग खचून गेला होता. गढूळ पाण्यात तो खड्डा कुणालाही दिसला नसता.

हे धोके खरे आहेत. 26 सप्टेंबर 2021 च्या रात्री 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले. त्याचा पाऊस दोन दिवसांत आपल्याकडे पोहोचला आणि 28 तारखेला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात वाहून गेली. माणसे दगावली. ज्या पाण्याने बस नेली, त्यापुढे माणसांच्या साखळीचा काय टिकाव लागणार? म्हणून सप्टेंबरअखेर निघणाऱ्याने बंगालच्या उपसागरात काय चालले आहे, याची बातमी आठवडाभर आधीपासून ठेवावी.

अंदाज पाहतानाही एक मेख आहे. यवतमाळ विदर्भात आणि माहूर नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. हवामान खात्याचे दोन्ही विभागांचे अंदाज पाहावे लागतात. तेवढ्यानेही भागत नाही. वाटेत ओलांडावी लागणारी पैनगंगा उगम पावते बुलढाण्याकडे. पाऊस वाशीम-हिंगोलीकडे झाला आणि इसापूर धरणाचे दरवाजे उघडले, की खाली आपल्याकडे ऊन असतानाही नदी फुगते. पूस नदीही हिवरा संगमला तिला येऊन मिळते. धनोड्याला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी धरणातल्या विसर्गाची चौकशी करावी. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर मदतीसाठी 112.

यवतमाळ ते माहूर हे अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरचे. त्याचे टप्पे असे पाडावेत, की दुपारपर्यंत मुक्काम गाठता येईल. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजा घेऊन येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते मंडळींपैकी दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असावे. रेणुका, अनसूया आणि दत्त या तिन्ही शिखरांची चढण सकाळीच उरकावी. गडगडाट सुरू झाला तर उघड्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा.

पाण्याबाबत आपल्या जिल्ह्यात जास्त जपावे लागते. हे दिवस पऱ्हाटीवर फवारणीचे. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण विसरू नये. शेताकडेच्या नाल्यातले पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये, तोंडावरही मारू नये. पाणी गावातून भरून घ्यावे. चित्रेच्या उन्हात चालायचे असेल, तर सोबत मीठ-साखरही असू द्यावी.

धुऱ्यावरचे गवत या दिवसांत कमरेइतके वाढलेले असते. त्यात बसू नये, झोपू तर नयेच. 2018 साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ पसरली, ती गवतातल्या बारीक किड्यांच्या चावण्यातून. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना "गवतातून चालत गेलो होतो" हे आवर्जून सांगावे. वेळेवर ओळखला तर हा आजार साध्या गोळ्यांनी बरा होतो. संध्याकाळनंतर घोणस आणि मण्यार बाहेर पडतात. विजेरीशिवाय पाऊल टाकू नये.

अनवाणी चालण्याचा नवस अनेकजण करतात. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण मधुमेह असलेल्या मावशी-काकांना मी हात जोडून सांगतो, चप्पल घाला. पायाला जखम झालेली त्यांना कळत नाही आणि चिखलात ती चिघळते.

शेवटी एकच विनंती. निघण्याचा दिवस पंचांगात बघा, पण हाताशी एक मोकळा दिवस ठेवा. नवरात्र नऊ दिवसांचे असते. पंचमी हुकली तर अष्टमी आहे, आणि रेणुकामाय वर्षभर गडावरच असते. रपट्यावर पाणी दिसले, तर स्वतः थांबा आणि सोबतच्यांनाही थांबवा.