रविवारची सुटी गिरणी-कामगारांस कशी मिळाली?

आठवड्यांतून एक दिवस विश्रांतीचा असावा, ही गोष्ट आपणां सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्या मागें कांहीं इतिहास असेल हें सहसा मनांत येत नाहीं. इंग्रजी अमदानींत सरकारी कचेऱ्यांस व शाळांस रविवारीं सुटी असे. परंतु ज्या गिरण्यांच्या बळावर मुंबई शहर धनाढ्य झालें, तेथील कामगारांस मात्र ती मागून व झगडून मिळवावी लागली. ही हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद होईल, असें वाटल्यावरून आम्ही ती येथें थोडक्यांत देत आहों.

मुंबईंतील पहिल्या सुताच्या गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली व १८५६ सालीं ती गिरणी चालू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें पोटासाठीं परळ-लालबागेच्या चाळींत येऊन राहिलीं. त्या काळीं गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, असा शिरस्ता पडला. उन्हाळ्यांत दिवस मोठा, तसें कामही मोठें. यंत्रांचा अखंड खडखडाट व हवेंत उडणारा कापूस यांमध्यें पुरुष, स्त्रिया व लहान मुलें राबत असत.

सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या परोपकारी गृहस्थांनीं या स्थितीविरुद्ध आवाज उठविला व १८८१ सालीं पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर ठेवूं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, त्यांस महिन्यांतून चार सुट्या द्याव्या व धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावें, असे त्यांत नियम होते. सात वर्षांचें मूल नऊ तास गिरणींत राबावें, हीच त्या काळची सुधारणा! प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयीं तर त्यांत अक्षरही नव्हतें.

ही उणीव दूर करण्याचें काम नारायण मेघाजी लोखंडे यांनीं अंगावर घेतलें. १८४८ सालीं जन्मलेले हे गृहस्थ महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी होत. त्यांनीं स्वतः गिरणींत नोकरी केली होती, व १८८० पासून ते मुंबईंत 'दीनबंधु' पत्र चालवीत. सप्टेंबर १८८४ मध्यें परळ येथें कामगारांच्या सभा भरवून त्यांनीं सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. आणि कामावर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन व कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची तरतूद असावी, अशा पांच मागण्या त्यांत होत्या. 'पगार वाढवा' असें त्यांत कोठेंही नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

इतक्या साध्या मागण्यांसही तत्काळ यश आलें नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं पुन्हां सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेंत दोन कामकरी स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटीस सरकारी आधार दिला, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली व मुलांचें किमान वय नऊ केलें.

परंतु एकदां मिळालेल्या हक्कावर पहारा ठेवावा लागतो. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही नाहींशी होऊन कामाचे तास पुन्हां वाढले. पुढें १९११ च्या कायद्यानें कापड गिरण्यांतील पुरुषांस बारा तासांची, १९२२ च्या कायद्यानें अकरा तासांची व १९४८ च्या कायद्यानें आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली. १९२३ सालीं अपघाताच्या भरपाईचा व १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूतिकाळच्या साहाय्याचा कायदा झाला. अर्थात् १८८४ च्या अर्जांतील इजेविषयींच्या मागणीस कायद्याचें रूप येण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

१९८२ च्या संपानंतर मुंबईंतील बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या, व त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. पण त्या इमारती बांधणारे, त्यांत घरोघर सामान पोंचविणारे व तेथें धुणींभांडीं करणाऱ्या बायका हेही कामगारच आहेत. महाराष्ट्रांत २००८ सालीं घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. तथापि मंडळाच्या वहींत नांव असणें निराळें आणि घरच्या मालकिणीनें सुटी देणें निराळें. बंद दाराआड कायद्याचा निरीक्षक सहसा पोंचत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं आपल्या आईवडिलांस आदरपूर्वक विचारावें : आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईंस आठवड्याची सुटी आहे काय? त्या आजारी पडल्यास त्यांचा पगार कापला जातो काय? या प्रश्नांचें उत्तर देणें आपल्या हातीं आहे. त्यासाठीं कोणास सहा वर्षें वाट पाहावी लागूं नये.