लसूण दे, पण आधी पाणी बघ

तायडे, काल तुझा आवाज ऐकूनच जीव खालीवर झाला. गोल्डफिश दोन दिवस दाण्याला तोंड लावत नाही, कोपऱ्यात निपचित बसून असतो, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या लसूण घाल. काकूंचं चुकलं नाही गं. पण कुठं घालायचा ते माझ्याकडून ऐकून घे.

टाकीत घालू नकोस. मी घातला होता. लेकराला सर्दी झाली की गळ्यात लसणाची माळ बांधणारी माणसं आपण. मला वाटलं, माशालाही लागू पडेल. चार पाकळ्या ठेचून पाण्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ पांढरट, आणि मासे वर येऊन धापा टाकतायत. लसूण पाण्यात कुजला आणि त्या कुजण्यानं पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. दोन मासे गेले. म्हणून तुला इतकं बजावून सांगतेय.

लसूण द्यायचा तो खाण्यातून. एक बारकी पाकळी खलबत्त्यात ठेच आणि दहा मिनिटं तशीच ठेव. ठेचल्यावरच त्यातलं ॲलिसिन तयार होतं. अख्खी पाकळी भाजली-उकडली तर ते नीट बनतच नाही. मग दोन चमचे पाणी घालून फडक्यातून पिळून घे, त्या रसात चिमूटभर दाणे पाच मिनिटं भिजव. दोन मिनिटांत संपतील एवढेच टाक, उरलेले जाळीनं काढ. बाजारातली आयती पेस्ट नको, तिच्यात मीठ-तेल असतं.

त्या वासानं खाणं सोडलेला मासा बऱ्याचदा तोंड उघडतो, हा मोठा फायदा. रोहूच्या बोटुकल्यांना ६० दिवस, किलोभर खाद्यात १ ते १० ग्रॅम लसूण घालून दिल्याचा अभ्यास २००७ साली छापून आला. त्यांची रोगाशी झुंजायची ताकद वाढलेली दिसली. पण ती आधीपासून केलेली तयारी होती, आजारी पडल्यावरचा इलाज नव्हे.

आता खरं दुखणं. तुमच्या बीडला नळाला रोज पाणी येत नाही, मधे टँकर घ्यावा लागतो. त्या पाण्याला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास येतो ना? ते तसंच टाकीत ओतलंस तर माशाचे कल्ले पोळतात. बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच वापर. आणि टंचाई म्हणून महिनाभर पाणी बदलायचं नाही, मग नळ आला की सगळी टाकी एकदम उपसायची, हे तू करतेस, मला ठाऊक आहे. त्यानं मासा खचतो. आठवड्याला चौथा हिस्सा बदल, काढलेलं पाणी तुळशीला घाल. तिला ते मानवतं.

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खड्यांवर अंग घासू लागला, तर मात्र लसणावर विसंबू नकोस. ते परजीवी असतात. गारठ्यात मासा अशक्त झाला की ते जोर धरतात. त्याला दुकानातलं औषधच लागतं, मापानं.

आज रात्री बादली भरून ठेव. उद्या पाणी बदललंस की मला व्हिडिओ कॉल लाव, माशाचं अंग जवळून बघते. मग लसूण सोलायला घे.